ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि लगेच नवीन मॉडेल येतंय? विकायला काढण्याआधी हे वाचा

सातारा-सांगलीकडे गेमिंग पीसी जमवणं म्हणजे घरातला मोठा निर्णय असतो. सहा महिने यूट्यूबवर रिव्ह्यू बघायचे, ऊसबिल किंवा दिवाळीचा बोनस हातात येईपर्यंत थांबायचं, "अभ्यासाला पण लागतो" हे घरच्यांना पटवायचं आणि मग ऑनलाइन ऑर्डर करायची, नाहीतर पुणे-कोल्हापूरला एक चक्कर टाकायची. कार्ड बसतं, गेम भारी चालतो. आणि आठवड्याभरात फोनवर बातमी येते की पुढच्या महिन्यात नवीन सिरीज येतेय. स्पीड जास्त, किंमत तेवढीच!

पोटात गोळा येतो. घरी सांगायचीही सोय नसते, कारण "थोडं थांबला असतास तर?" हे ऐकावं लागणार. खरेदीनंतरच्या या रुखरुखीला 'बायर्स रिमोर्स' म्हणतात. या रुखरुखीत घाईने घेतलेला निर्णय बऱ्याचदा मूळ खरेदीपेक्षा महाग पडतो. कसा, ते बघू.

नक्की काय कमी झालं?

बातमी यायच्या आधी तुमचं कार्ड एखादा गेम ९० एफपीएसने चालवत असेल, तर बातमीनंतरही ते ९० एफपीएसच देतं. ब्लेंडरमधला रेंडर जेवढ्या वेळात व्हायचा तेवढ्याच वेळात होतो. कार्डाच्या कामात काहीही कमी झालेलं नाही. कमी झाली ती त्याची सेकंडहँड किंमत, आणि ती तुम्ही आज विकणार असाल तरच तुमच्या खिशाला लागते.

मग एवढं वाईट का वाटतं? डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक सिद्धांत मांडला. ५,००० रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्यापेक्षा ५,००० रुपये गेल्याचं दुःख जास्त वाटतं. नवीन कार्ड जाहीर झालं की आपलं मन त्या फरकाला 'गेलेले पैसे' म्हणून मोजायला लागतं. पण ते कार्ड अजून बाजारात आलेलं नसतं आणि ते इथे कितीला मिळेल हेही ठरलेलं नसतं.

२०२० मध्ये काय झालं होतं?

एनव्हिडियाचं आरटीएक्स २०८० टीआय हे कार्ड २०१८ मध्ये आलं. कंपनीच्या स्वतःच्या फाउंडर्स एडिशनची किंमत होती १,१९९ डॉलर. मग १ सप्टेंबर २०२० ला कंपनीने ३००० सिरीज जाहीर केली. त्यातलं ३०७० हे कार्ड फक्त ४९९ डॉलरचं, आणि ते २०८० टीआयपेक्षा वेगवान असल्याचा दावा.

परदेशात अनेकांनी घाबरून आपली २०८० टीआय कार्डं ५०० डॉलरच्या आसपास विकून टाकली. हिशोब सरळ वाटत होता: जुनं विकू, त्याच पैशात नवीन घेऊ.

पण नवीन मिळालंच नाही! १७ सप्टेंबरला ३०८० विक्रीला आलं आणि काही मिनिटांत संपलं. ३०७० ची तीच गत. कोरोनाच्या काळात चिप्सचा तुटवडा होता, त्यात इथेरियम मायनिंगवाले मिळेल ते कार्ड उचलत होते. २०२१ मध्ये कार्डं छापील किमतीच्या दुपटीने विकली जात होती. ज्यांनी जुनं कार्ड फुंकून टाकलं, त्यांना तेच कार्ड त्या किमतीत परत मिळेना.

अजून एक गोष्ट. रिव्ह्यू आले तेव्हा ३०७० हे २०८० टीआयच्या साधारण बरोबरीचं निघालं. वर जुन्या कार्डात ११ जीबी मेमरी होती आणि नव्यात ८ जीबी.

स्टेजवरचा आकडा आणि घरातला आकडा

जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या सीईएसमध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी आरटीएक्स ५०७० दाखवलं आणि सांगितलं की ५४९ डॉलरमध्ये ४०९० चा परफॉर्मन्स मिळेल. ४०९० ची लाँच किंमत १,५९९ डॉलर होती. ज्यांनी ते नुकतंच घेतलं होतं त्यांची झोप उडाली असणार.

यातली मेख फ्रेम जनरेशनमध्ये होती. गेममधली एक फ्रेम कार्ड खरोखर काढतं आणि मधल्या फ्रेम्स एआयने तयार करून भरतं. लाँचच्या वेळी ५००० सिरीजमध्ये एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत तयार फ्रेम्स टाकता येत होत्या, ४०९० मध्ये एकच. त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा फुगतो. ही सोय वाईट नाही, गेम डोळ्याला स्मूद दिसतो. पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेम्सवरच ठरतो. फ्रेम जनरेशन बंद करून टेस्ट केल्यावर ५०७० हे ४०९० च्या बरंच मागे आणि ४०७० सुपरच्या आसपास राहिलं.

किंमतीचंही तसंच. अमेरिकेतल्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. तेव्हाच्या साधारण ८६ रुपयांच्या दराने ५४९ डॉलर म्हणजे ४७,००० च्या आसपास. आपल्याकडे ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि ५०७० ची भारतातली अधिकृत सुरुवातीची किंमत होती ५९,०००. म्हणून डॉलरची किंमत ऐकून आपल्या बिलाशी तुलना करू नका.

मग थांबायचं की घ्यायचं?

ज्यांनी अजून घेतलेलं नाही त्यांच्यासाठी तारखा बघा. एनव्हिडियाच्या गेल्या चार सिरीज सप्टेंबर २०१८, सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२५ मध्ये आल्या. म्हणजे साधारण दोन ते सव्वादोन वर्षांचं चक्र. त्यातही सुरुवातीला महागडी मॉडेल्स येतात. ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, पण सामान्यांच्या बजेटमधलं ४०६० यायला जून २०२३ उजाडला. तुमचं बजेट ३०-३५ हजार असेल तर 'पुढच्या महिन्यात लाँच' याचा अर्थ तुमच्यासाठी अजून सहा-आठ महिने असा होऊ शकतो.

आता थांबण्याचा हिशोब करू. समजा ३६,००० चं कार्ड तुम्ही तीन वर्षं वापरणार. म्हणजे महिन्याला १,००० रुपये. चार महिने थांबून ४,००० वाचले, तर ते चार महिने तुम्ही कार्डाशिवाय काढलेत, एवढाच त्याचा अर्थ. इस्लामपूर किंवा कराडला इंजिनिअरिंग करणाऱ्या एखाद्या मुलीचा एआयचा प्रोजेक्ट याच सेमिस्टरमध्ये असेल, तर तिच्यासाठी हे चार महिने ४,००० पेक्षा महाग आहेत.

शिवाय थांबलं की भाव उतरतोच असंही नाही. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आणि "अजून थोडं थांबू" म्हणणाऱ्यांना तीच रॅम चढ्या दराने घ्यावी लागली. सांगलीजवळच्या हरिपूरमध्ये हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची पद्धत होती. भाव येईपर्यंत माल टिकायचा, म्हणून थांबणं परवडायचं. ग्राफिक्स कार्डाचं उलटं आहे. त्याची किंमत सहसा दरवर्षी उतरत जाते, त्यामुळे ते लगेच वापरात येणार असेल तेव्हाच घ्यावं.

साधा नियम असा: लाँचची तारीख अधिकृतपणे जाहीर झाली आहे, ती सहा-आठ आठवड्यांत आहे, मॉडेल तुमच्याच बजेटचं आहे आणि तुमचं काम अडलेलं नाही, तर थांबा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर खुशाल घ्या. 'लीक' आणि 'अफवा' यांना तारीख समजू नका.

घेऊन झालंय, आता काय करू?

१. बॉक्स उघडलेला नसेल तर आजच विक्रेत्याशी बोला. बऱ्याच ऑनलाइन ऑर्डरवर ग्राफिक्स कार्डाला फक्त रिप्लेसमेंट असतं, मन बदललं म्हणून पैसे परत मिळत नाहीत. तुमच्या ऑर्डरवरची रिटर्नची अट आणि शेवटची तारीख वाचा.

२. तुमचा मॉनिटर बघा. तो ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० पेक्षा जास्त फ्रेम्स तो दाखवूच शकत नाही. तुमचं कार्ड ९० देतंय आणि नवीन १३० देईल, पण स्क्रीनवर दिसणार ६० च.

३. नवीन कार्डाचा पूर्ण खर्च धरा. पॉवर सप्लाय बदलावा लागेल का? कॅबिनेटमध्ये ते बसेल का? प्रोसेसर जुना असेल तर नवीन कार्डाचा पूर्ण फायदा मिळेल का?

४. तरीही विकायचंच असेल तर आधी नवीन कार्ड हातात येऊ द्या, मग जुनं काढा. २०२० चा धडा हाच आहे. बिल आणि बॉक्स जपून ठेवा, वॉरंटी शिल्लक असलेल्या कार्डाला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

५. रिटर्नची मुदत संपली की किमती बघणं बंद करा. ॲपमधले प्राइस अलर्ट काढून टाका.

हाच हिशोब फोनलाही लागू होतो, आणि फोनची नवी मॉडेल्स तर दरवर्षी येतात. कार्ड खरंच बदलायची वेळ आली की ते कामातच कळतं: तुमचा गेम मीडियम सेटिंगवरही अडखळतो, किंवा प्रोजेक्ट चालवताना मेमरी कमी पडल्याचा एरर येतो. तोपर्यंत घरी कोणी "थोडं थांबला असतास तर?" म्हणालं, तर या काळात कार्डावर केलेलं काम उघडून दाखवा.