विस्तार सांगतो काय आणि सांगत नाही काय

कसोटी क्रिकेटमध्ये सचिन तेंडुलकरची सर्वोच्च धावसंख्या नाबाद 248 आणि नीचांक शून्य. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज जेसन गिलेस्पी याची सर्वोच्च नाबाद 201 आणि नीचांक तोही शून्यच. संख्याशास्त्राच्या भाषेत त्यांच्या धावांचा विस्तार, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान संख्येतला फरक, अनुक्रमे 248 आणि 201. एवढंच पाहिलं तर दोघं जवळपास एकाच तोडीचे फलंदाज वाटतील. सरासरी मात्र सचिनची 53.78 आणि गिलेस्पीची 18.73.

विस्तार मोठा म्हणजे सगळी आकडेवारी विखुरलेली, हा सर्वांत पक्का रुजलेला गैरसमज आहे, आणि गिलेस्पीचं उदाहरण तो मुळातून उपटून काढतं. एप्रिल 2006 मध्ये चितगावला ‘नाइट वॉचमन’ म्हणून, म्हणजे दिवसअखेर मुख्य फलंदाजाला वाचवायला, पुढे पाठवलेला हा खेळाडू द्विशतक ठोकून गेला. त्याआधीची त्याची कसोटीतली सर्वोच्च खेळी नाबाद 54 होती. म्हणजे दहा वर्षांच्या कारकिर्दीत 54 असलेला विस्तार एका डावात 201 झाला. बाकीचे सगळे डाव होते तिथेच राहिले. विस्तार फक्त दोन निरीक्षणांकडे पाहतो, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान. मधल्या शेकडो आकड्यांचं काय चाललंय, हे त्याला कळत नाही.

बाजारभाव वाचताना हे विसरणं महागात पडतं. बाजार समितीच्या भावांच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन रकाने असतात. समजा कांद्याचा किमान भाव क्विंटलला 700 रुपये आणि कमाल 2,400 रुपये आहे. विस्तार 1,700 रुपये. पण कमाल भाव एखाद्याच उत्तम लॉटला मिळालेला असू शकतो आणि बहुतेक माल हजार-बाराशेला गेलेला असू शकतो. मथळ्यात फक्त 2,400 झळकले, की शेतकऱ्याला चांगले पैसे मिळताहेत असा ग्राहकाचा समज होतो. तिसरा रकाना वाचल्याशिवाय भावावर मत बनवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

आता आकडेमोडीतल्या चुका. ‘विस्तार 12 ते 47’ असं उत्तर अनेकजण लिहितात. ते बरोबर नाही; विस्तार ही एकच संख्या असते, 47 − 12 = 35. यादीतल्या शेवटच्या आकड्यातून पहिला वजा करणं हीसुद्धा नेहमीची चूक, कारण यादी चढत्या क्रमानेच दिलेली असेल असं नाही. 31, 12, 47, 20 या यादीत पहिला आणि शेवटचा आकडा निरुपयोगी आहेत. वारंवारता सारणी असेल तर मूल्यांच्या रकान्यातून वजाबाकी करायची, वारंवारतेच्या नव्हे.

ऋण संख्या आल्या की गोंधळ वाढतो. सायबेरियातल्या वेर्खोयान्स्क गावात 1892 साली उणे 67.8 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि 20 जून 2020 रोजी तिथेच 38 अंश. घाईघाईत 67.8 मधून 38 वजा करून 29.8 असं उत्तर काढणारे भेटतात. पण 38 − (−67.8) म्हणजे 105.8 अंश. विस्तार स्वतः कधीच ऋण येत नाही. ऋण आला तर वजाबाकी उलटी झाली असं समजावं. तो शून्य आला, तर सगळी निरीक्षणं अगदी सारखी आहेत.

इतक्या मर्यादा पाहून काहींना वाटतं, की विस्तार हे कच्चं माप, परीक्षेपुरतं. कारखान्यांतला अनुभव वेगळा आहे. संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये उत्पादनावर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली आणि त्या परंपरेत पुढे विस्ताराचा आलेख रूढ झाला. ठरावीक वेळाने पाच नग उचलायचे, मोजायचे, मोठ्यातून लहान वजा करून आलेखावर ठिपका द्यायचा. कॅल्क्युलेटर नसतानाही यंत्रावरच्या कामगाराला हे जमत असे. मापं प्रसामान्य वितरणाप्रमाणे असतील, तर अशा नमुन्यांच्या सरासरी विस्ताराला 2.326 ने भागलं की प्रमाण विचलनाचा, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापाचा, चांगला अंदाज मिळतो.

नमुना दहा नगांचा असेल तर भाजक 3.078 होतो. कारण निरीक्षणं वाढवली की विस्तार वाढू शकतो किंवा तेवढाच राहू शकतो, कमी होणं शक्यच नाही. म्हणून तीस मुलांच्या वर्गातल्या गुणांचा विस्तार तीनशे मुलांच्या शाळेच्या विस्ताराशी ताडून ‘आमचा वर्ग जास्त एकसारखा’ म्हणणं चूक ठरतं. नमुना दहाच्या पुढे गेला, की गुणवत्ता तपासणारेही सहसा विस्तार सोडून थेट प्रमाण विचलन काढतात.