‘डिड’नंतर ‘वेंट’ का नको?

वणी : दिंडोरी तालुक्यातील द्राक्षे युरोपात जातात आणि हा व्यवहार इंग्रजीतून चालतो. ‘आम्ही फवारणी थांबवली’ हे सांगताना ‘वुई स्टॉप्ड टू स्प्रे’ लिहिले, तर अर्थ होतो ‘आम्ही फवारणी करण्यासाठी थांबलो’! फवारणी केव्हा बंद केली, यावर द्राक्षातील औषधांचा अंश ठरतो. त्यामुळे ही चूक किरकोळ नाही. बरोबर वाक्य : ‘वुई स्टॉप्ड स्प्रेइंग’.

चूक कुठून येते?
‘मी वणीला गेलो नाही’ या वाक्यात भूतकाळ ‘गेलो’मध्ये आहे. इंग्रजीत तो ‘डिड’मध्ये येतो. म्हणून ‘आय डिड नॉट वेंट’ नव्हे, तर ‘आय डिड नॉट गो’. काळ एकदाच दाखवायचा, तोही पहिल्या क्रियापदात.

जोडी कशी लावावी?
• डू, डझ, डिड, कॅन, विल, मस्ट : पुढे मूळ रूप. ‘शी कॅन स्पीक’, ‘स्पीक्स’ नाही.
• हॅव, हॅज, हॅड : पुढे तिसरे रूप. ‘ही हॅज गॉन’.
• इज, आर, वॉज, वेअर : चालू क्रियेसाठी ‘इंग’, कर्मणी प्रयोगात तिसरे रूप. ‘ग्रेप्स आर सोल्ड’.
• वॉन्ट, होप, डिसाइड : पुढे ‘टू’ आणि मूळ रूप. ‘आय वॉन्ट टू लर्न’.
• एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड : पुढे ‘इंग’. ‘आय एन्जॉय रीडिंग’.

एवढे लक्षात ठेवा
राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी या जोड्या पाठांतराने नव्हे, वापराने पक्क्या होतात. रोज पाच वाक्ये लिहा आणि प्रत्येकात दुसऱ्या क्रियापदाचे रूप तपासा.