फिट थांबली, पण मुलाचे बाकीचे त्रास?

मुलाला अपस्माराचे औषध सुरू झाले आणि फिट थांबल्या, की घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण अनेक मुलांच्या बाबतीत प्रश्न तेवढ्याने संपत नाही. अपस्मारासोबत आणखीही त्रास असू शकतात. ते फिटसारखे उघड दिसत नाहीत आणि मुलाला मात्र ‘आळशी’, ‘हट्टी’ अशी नावे पडतात.

सर्वाधिक आढळतात ते लक्ष आणि अभ्यासाचे प्रश्न. एका जागी न बसणे, पाठ केलेले विसरणे, वाचन-लेखनात मागे पडणे हे एडीएचडी किंवा अध्ययन अक्षमतेमुळे असू शकते. काही मुलांत स्वमग्नताही असते. ज्या कारणाने मेंदूत फिट निर्माण होते, त्याच कारणाचा स्मरण, भाषा आणि वागणुकीवरही परिणाम होऊ शकतो. त्यामुळे फिट थांबली तरी हे त्रास आपोआप जातीलच असे नाही.

आपल्याकडे यात एक वेगळी अडचण येते. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि पुस्तके इंग्रजी, म्हणून मूल गोंधळत असेल, असे आपण म्हणतो आणि वर्षे जातात. दोन-तीन भाषा ऐकल्याने अध्ययन अक्षमता होत नाही. तपासणी मात्र मुलाला सर्वात चांगली येणारी भाषा लक्षात घेऊन व्हावी, असा आग्रह धरावा.

वर्गात मूल मध्येच काही सेकंद टक लावून पाहते आणि हाक मारूनही भानावर येत नाही, तर ती नुसती तंद्री नसून छोटी फिटही असू शकते. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे.

मोठ्या मुलांत चिंता आणि नैराश्य आढळते. लेव्हेटिरॅसिटॅमसारख्या औषधाने काहींची चिडचिड वाढते, व्हॅल्प्रोएटने वजन वाढू शकते, तर फेनिटॉइन दीर्घकाळ घेतल्यास ‘ड’ जीवनसत्त्व कमी होऊन हाडे कमकुवत होऊ शकतात. तरीही औषध स्वतःहून बंद करू नये. अचानक बंद केल्यास गंभीर फिट येऊ शकते. मूल जीव देण्याची भाषा करत असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर आहे.

अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांचा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक अशा सवलती मागता येतात.

पालकांना आमची विनंती आहे, की डॉक्टरांकडे जाताना फिटच्या तारखांसोबत झोप, अभ्यास, वागणूक आणि वजन यांचीही नोंद न्यावी. डॉक्टरांनी विचारले नाही, तर आपण सांगावे.