निरीक्षकाचा डोळा

“मीं स्वतः डोळ्यांनीं पाहिलें,” असें म्हटलें म्हणजे वाद मिटला, असें आपणांस वाटतें. परंतु प्रामाणिक डोळ्यांतहि दोष असूं शकतो. याविषयीं ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांतील एक गोष्ट मननीय आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन हे होते व डेव्हिड किनेब्रुक नांवाचा तरुण त्यांचा सहायक होता. त्या काळीं निरीक्षक दुर्बिणींतून ताऱ्याकडे पाही, घड्याळाचे ठोके कानानें मोजी, आणि दुर्बिणींतील उभा तंतु ताऱ्यानें केव्हां ओलांडला हें सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाजानें लिही. १७९५ सालीं सहायकाच्या नोंदी प्रमुखांच्या नोंदींहून अर्ध्या सेकंदानें मागें पडूं लागल्या. पुढें हा फरक आठ दशांश सेकंदांपर्यंत वाढला, आणि १७९६ सालीं किनेब्रुकची नोकरी गेली.

दोघांच्या नोंदी जुळत नाहींत, एवढेंच येथें सिद्ध झालें होतें. चूक सहायकाचीच, हें मात्र गृहीत धरलें गेलें. मॅस्केलिन यांच्या मनांत द्वेष होता असें नव्हे. त्यांनीं आपली नजर हीच मोजपट्टी मानली, आणि ती मोजपट्टी कोणीं तपासली नाहीं.

पुढें ही हकीकत जर्मन ज्योतिषी बेसेल यांच्या वाचनांत आली. १८२० च्या सुमारास त्यांनीं आपले वेध इतर कुशल निरीक्षकांच्या वेधांशीं ताडून पाहिले. एकाशीं तर त्यांचें अंतर एक सेकंदाहून अधिक निघालें! प्रत्येक मनुष्याच्या निरीक्षणांत त्याचा स्वतःचा असा कांहीं फरक असतोच, हें तेव्हां कळून आलें. तेव्हांपासून ज्योतिषी हा फरक मोजून हिशेबांत धरूं लागले. किनेब्रुक मात्र १८०२ सालींच मरण पावला होता.

विद्यार्थी मित्रहो, आपणहि नित्य दुसऱ्यांस तोलीत असतों. “तो आळशी आहे” हा निकाल झाला. “तो या आठवड्यांत तीन दिवस उशिरां आला” ही नोंद झाली. आधीं नोंद लिहावी. उशिराचें कारण विचारावें. मग मत द्यावें. आणि मत देतांना, हीच गोष्ट आपल्या आवडत्या मित्रानें केली असती तर आपण काय म्हटलें असतें, हेंहि पाहावें. दोन उत्तरांत जें अंतर पडेल, तो आपल्याच डोळ्याचा दोष समजावा व तेवढा वजा करावा.