हात न पिरगळणारा पाना

महामार्गालगतच्या टायरच्या दुकानात हे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. मोटार उभी आहे, चाकाच्या नटांवर गंज चढला आहे. गाडीचा मालक, चांगला धिप्पाड गृहस्थ, पान्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन घामाघूम झाला आहे. एवढ्यात दुकानातला एक सडपातळ मुलगा पिस्तुलाच्या आकाराचे यंत्र घेऊन येतो, त्याचे तोंड नटावर बसवतो आणि घोडा दाबतो. 'टर्रर्र' असा कर्कश आवाज होतो आणि नट गरगर फिरत सुटून येतो. चारही नट अर्ध्या मिनिटात ढिले होतात.

या यंत्राला इम्पॅक्ट रेंच म्हणतात. गॅरेजमध्ये त्याला नुसते 'गन' म्हणण्याचा प्रघात आहे. पूर्वी ते मोठ्या कारखान्यांत आणि गॅरेजांतच दिसे. आता बॅटरीवर चालणाऱ्या गन बाजारात आल्या आहेत आणि घरची मोटार घरीच दुरुस्त करण्याची हौस असणारे लोक त्या विकत घेऊ लागले आहेत. कोणती घ्यावी, हा प्रश्न मग साहजिकच येतो. दुकानदार त्याचे उत्तर आकड्यांत देतो. त्या आकड्यांचा अर्थ लावायचा तर आधी एक कोडे सोडवले पाहिजे.

कोडे असे. नटावर २०० न्यूटन-मीटर परिबल पडले असेल, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढेच परिबल उलट दिशेने कशावर तरी पडलेच पाहिजे. यंत्र तर त्या मुलाच्या हातात आहे. ते सारे परिबल त्याच्या मनगटावर आले असते, तर मनगट पिरगळून मोडले असते. प्रत्यक्षात त्याला थोडीशी थरथर जाणवते, इतकेच. मग ती प्रतिक्रिया गेली कोठे?

प्रथम साध्या पान्याचा हिशेब पाहू. परिबल म्हणजे बल गुणिले अंतर. ३० सेंमी. लांबीच्या पान्याच्या टोकावर ५० किग्रॅ. वजनाचा मनुष्य उभा राहिला, तर सुमारे ५०० × ०.३ = १५० न्यूटन-मीटर परिबल मिळते. लहान मोटारींच्या चाकांचे नट साधारणपणे ८० ते १२० न्यूटन-मीटर परिबलाने आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. म्हणजे नट योग्य आवळलेला असेल आणि गंजला नसेल, तर साधा पाना पुरेसा आहे. तो पुरत नाही, याचा अर्थ आट्यांत गंज शिरला आहे किंवा मागच्या खेपेस कोणीतरी तो नट प्रमाणाबाहेर आवळून ठेवला आहे. या दुसऱ्या शक्यतेकडे पुढे वळूच.

आता गनच्या पोटात काय असते ते पाहू. मोटर थेट नटाला फिरवीत नाही. ती पोलादाचा एक जड ठोकळा फिरवते. याला हातोडा म्हणतात. नटावर गोटी बसवायचा जो चौकोनी दांडा बाहेर आलेला असतो, त्याचा आतला भाग म्हणजे ऐरण. नट सैल असेपर्यंत हातोडा आणि ऐरण एकत्रच फिरतात. नटाने अडवणूक केली की हातोडा निसटतो, मोकळा होऊन अर्धा-एक फेरा वेग घेतो आणि ऐरणीच्या कानावर आदळतो. पुन्हा निसटतो, पुन्हा आदळतो. 'टर्रर्र' म्हणजे दर सेकंदाला पडणारे असे तीस-चाळीस घाव.

नारळ दोन्ही हातांत दाबून फुटत नाही. दगडावर आपटला की फुटतो. तेच तत्त्व येथे आहे, फक्त सरळ गतीऐवजी चक्रगती आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी पुढील गणित करून पाहावे. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण ते वास्तवापासून फार दूर नाहीत. हातोडा ०.३ किग्रॅ. वस्तुमानाची, २.५ सेंमी. त्रिज्येची भरीव चकती आहे असे माना. तिचे जडत्व-परिबल ½ × ०.३ × (०.०२५)², म्हणजे सुमारे ०.००००९४ किग्रॅ.-मीटर² येते. ती मिनिटाला २,००० फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे २१० रेडियन या वेगाने फिरत असताना तिचा कोनीय संवेग जवळजवळ ०.०२ न्यूटन-मीटर-सेकंद असतो. आकडा अगदी क्षुल्लक वाटतो. पण पोलादावर पोलाद आदळून हातोडा एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात थांबला, तर ०.०२ भागिले ०.०००१ = २०० न्यूटन-मीटर!

आणि हा संवेग हातोड्याला मिळाला कसा? अर्ध्या फेऱ्यात, सुमारे ०.०३ सेकंदात. त्यासाठी मोटरला अवघे ०.६६ न्यूटन-मीटर परिबल लावावे लागले. म्हणजे ०.०३ सेकंद सावकाश जमा केलेली पुंजी ०.०००१ सेकंदात उधळली. काळ ३०० पटींनी घटला, परिबल ३०० पटींनी वाढले. कोड्याचे उत्तरही यातच आहे. घावाच्या क्षणी नटावरील परिबलाची प्रतिक्रिया पडते ती हातोड्यावर. तिच्यामुळेच तो थांबतो. मुठीवर येते ती मोटरने हातोड्याला वेग देताना होणारी सौम्य प्रतिक्रिया. प्रत्यक्ष बॅटरी-गनमध्ये हातोड्यामागे एक जाड स्प्रिंग असते, त्यामुळे हाताला यापेक्षा काहीसा अधिक हिसका बसतो. पण मनगटाला तो सहज पेलतो.

या यंत्राचा शोध अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल येथील रॉबर्ट पॉट यांच्या नावावर आहे. प्रतिक्रिया हातावर न येऊ देणाऱ्या हत्याराचे महत्त्व खऱ्या अर्थाने पटले ते अंतराळात. जमिनीवर आपण पाय रोवून पाना फिरवतो. अंतराळात तरंगणाऱ्या माणसाने पाना फिरवला, तर बोल्ट राहील जागेवर आणि माणूसच फिरू लागेल. म्हणून जेमिनी मोहिमांच्या काळात प्रतिक्रिया अत्यल्प असणारे खास विद्युत् हत्यार तयार करण्यात आले. १६ मार्च १९६६ रोजी नील आर्मस्ट्राँग व डेव्हिड स्कॉट हे जेमिनी ८ मधून गेले, तेव्हा यानाबाहेर येऊन त्या हत्याराने बोल्ट उघडून-आवळून पाहण्याचे काम स्कॉट यांच्याकडे होते. पण एका बिघडलेल्या झोतयंत्रामुळे यानच गरगर फिरू लागले आणि मोहीम त्याच दिवशी आटोपती घ्यावी लागली. न फिरवणारे हत्यार तपासायला गेले आणि सारे यानच फिरले!

असो. आता बाजारात जाऊ.

घरच्या कामासाठी हवेवर चालणारी गन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती स्वस्त, हलकी आणि दणकट असते हे खरे. पण तिला साधारण ६ बार दाबाची हवा मिनिटाला शंभराहून अधिक लिटर लागते. चाकात हवा भरायचा छोटा पंप तिच्यापुढे दोन श्वासांत दमतो. मोठा कॉम्प्रेसर घरी ठेवायचा तर तो गाडीइतकीच जागा मागतो. मोटारीच्या सिगारेट-लायटरच्या खोबणीत वायर खुपसून चालणाऱ्या १२ व्होल्टच्या गनही मिळतात. तेथील फ्यूज १० अँपिअरचा असेल तर शक्तीची मर्यादा १२० वॅट. तेवढ्यात काम होते, पण हातोड्याला वेग घ्यायला बराच वेळ लागतो आणि घाव मोजून मोजून पडतात.

राहिली बॅटरीची गन. येथे ग्राहकाला चकवणारा एक आकडा आहे. एका डब्यावर १८ व्होल्ट लिहिलेले असते, दुसऱ्यावर २०. दुसरी जास्त जोरदार असा समज होतो. प्रत्यक्षात दोन्हींत बहुधा लिथियम-आयनचे पाचच घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक घटाचा सरासरी विद्युत् दाब ३.६ व्होल्ट, म्हणून पाचांचा १८. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब क्षणभर ४ च्या वर असतो, म्हणून पाचांचा २०. वस्तू एकच, मोजण्याची वेळ वेगळी.

दुसरा आकडा परिबलाचा, ज्याला दुकानदार 'टॉर्क' म्हणतो. तो आवळण्याचा आहे की सोडवण्याचा, हे अवश्य विचारावे. सोडवण्याचा आकडा मोठा असतो आणि जाहिरातीत तोच ठळक छापतात. एककही पाहावे. १ पौंड-फूट म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. तेव्हा ६०० न्यूटन-मीटरची गन आणि ४४० पौंड-फुटांची गन या जवळजवळ सारख्याच. शिवाय वरच्या गणितात आपण पाहिले की परिबल हे घाव किती काळात संपतो यावर अवलंबून आहे. गोटी सैल बसली असेल किंवा मध्ये लांब दांडा जोडला असेल, तर तो दांडा स्प्रिंगसारखा पिळवटतो, घाव लांबतो आणि परिबल घटते. डब्यावरचा आकडा आपल्या नटावर जसाच्या तसा उतरेल, असे मुळीच समजू नये.

लहान मोटारीसाठी अर्ध्या इंची, म्हणजे कारागिरांच्या भाषेत चार सुती, चौकोनाची आणि ३०० ते ४०० न्यूटन-मीटरची गन भरपूर झाली. हजार न्यूटन-मीटरची गन ट्रकवाल्यांना लखलाभ असो. गोट्या मात्र गनसाठी बनवलेल्या काळ्या, जाड भिंतीच्याच घ्याव्यात. चकचकीत मुलामा दिलेल्या नेहमीच्या गोट्या अधिक कठीण आणि म्हणून अधिक ठिसूळ असतात. घावाने त्या तडकून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. डोळ्यांना चष्मा आणि कानांत बोळे हवेतच.

पण हे सारे झाले नट सोडवण्याविषयी. नट आवळण्याची गोष्ट निराळी आहे, आणि खरा धोका तेथे आहे. नट आवळताना आपण बोल्ट किंचित ताणत असतो. तो ताण चाकाला धरून ठेवतो. लावलेल्या परिबलाचा ढोबळमानाने नऊ-दशांश भाग घर्षणात जातो आणि जेमतेम एक-दशांश बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. अभियंते यासाठी एक सोपे सूत्र वापरतात: ताण = परिबल ÷ (०.२ × बोल्टचा व्यास). १२ मिमी. बोल्टवर १०० न्यूटन-मीटर लावले, तर ताण सुमारे ४२,००० न्यूटन, म्हणजे चार टनांहून अधिक वजनाइतका होतो. आता गनचा घोडा दाबून धरला आणि परिबल ३०० वर गेले, तर सूत्राप्रमाणे ताण १,२५,००० न्यूटन होईल. चाकासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पोलादाचा १२ मिमी. बोल्ट एवढे सोसत नाही. तो कायमचा लांबतो, आटे जातात किंवा तो तुटतो. नशिबाने तगलाच, तर तो नट पुढे रात्री घाटात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या छोट्या पान्याने कोणालाही सुटत नाही. सुरुवातीच्या धिप्पाड गृहस्थाची फजिती बहुधा अशाच एखाद्या गनने आधी करून ठेवलेली असते.

म्हणून गन घेणाऱ्याने तिच्याआधी टॉर्क पाना घ्यावा. ठरवलेले परिबल आले की तो 'टक्' असा आवाज करतो. दोन्हींपैकी एकच परवडत असेल, तर मी टॉर्क पानाच घेईन. सोडवण्यासाठी लांब दांड्याचा साधा पाना आहेच. नट प्रथम हाताने दोन-तीन फेरे चढवावेत, म्हणजे आटे वाकडे धरत नाहीत. गन वापरलीच तर नट नुसता टेकेपर्यंत. मग चाक जमिनीवर टेकवून समोरासमोरचे नट आळीपाळीने टॉर्क पान्याने आवळावेत. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवल्यावर ते एकदा पुन्हा तपासावेत. आणि काम झाल्यावर टॉर्क पान्याचा काटा सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, कारण त्याच्या पोटात स्प्रिंग आहे आणि ती महिनोन् महिने दाबलेली राहिली तर तिचे माप चुकू लागते.