वायुमापकाचें शून्य

विहिरींत वा गोबरगॅसच्या टाकींत उतरण्यापूर्वीं वायुमापक लावतात, हें योग्यच. परंतु शून्य दिसलें म्हणजे विषारी वायु नाहींच, असें वाचकांनीं समजूं नये. संवेदक निकामी असला तरीही शून्यच दिसतें! हायड्रोजन सल्फाइड ओळखणारा घट न वापरतांही झिजतो. मढसारख्या खाऱ्या, दमट किनाऱ्यावर त्याच्या जाळीवर मीठही बसतें. मिथेनच्या तापणाऱ्या मण्यास सिलिकोनची वाफ मारक. म्हणून ज्ञात प्रमाणाचा परीक्षावायु बाटलींतून क्षणभर सोडून आंकडा किती व किती त्वरेनें चढतो, तें उतरण्यापूर्वीं पाहावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. प्राणवायूचा घट मोकळ्या हवेंत २०.९ टक्के दाखवील. त्यावर उच्छ्वास सोडतां आंकडा उतरलाच पाहिजे. चढ मंद वा अपुरा असल्यास यंत्र जुळवून घ्यावें. न जुळल्यास संवेदक बदलावा.