संत्र्याचा रंग स्क्रीनवर का बिघडतो?

पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्यांचा मुलूख. इथल्या बागेचा व्हिडिओ एडिट करायला घेतला की मॉनिटरची खरी परीक्षा होते. लाल रंग थोडा उजळ-मंद झाला तरी तो लालच वाटतो. नारिंगी मात्र लगेच पिवळ्याकडे किंवा तांबड्याकडे झुकतो.

मॉनिटरमध्ये नारिंगी प्रकाश वेगळा नसतोच. लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांतून तो जमवावा लागतो. समजा, पिकलेल्या फळासाठी फाइलमध्ये लाल २५५, हिरवा १४० आणि निळा ० असे आकडे आहेत. लाल पूर्ण पेटलेला आहे. पण १४० म्हणजे हिरवा प्रकाश नेमका किती, हे ‘गॅमा’ ठरवतो. गॅमा २.२ असेल तर पूर्ण हिरव्याच्या सुमारे २७ टक्के, १.८ असेल तर ३४ टक्के. लाल जागचा हलला नाही, हिरवा तेवढा वाढला, आणि संत्रं पिवळं पडलं. करड्या रंगात हीच चूक नुसती उजेडातला फरक म्हणून दिसली असती. नारिंगीत ती रंगच बदलते.

माणसाच्या चेहऱ्याचंही तसंच आहे. त्वचा गोरी असो, सावळी असो की काळी, तिची छटा नारिंगीच्याच आसपास असते. म्हणून व्हेक्टरस्कोप या रंगछटा दाखवणाऱ्या आलेखावर सगळ्या वर्णांचे चेहरे जवळजवळ एकाच रेषेवर येतात. हळदीच्या कार्यक्रमात नवरीचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसला, तर दोष दरवेळी कॅमेऱ्याचा नसतो.

दुसरी अडचण रंगांच्या आवाक्याची. एसआरजीबी हे मानक १९९९मध्ये ठरलं, तरी अनेक स्वस्त लॅपटॉपचे पॅनेल त्यातले जेमतेम ६० टक्के रंग दाखवतात. अशा पॅनेलवर संत्रं फिकं दिसतं, म्हणून एडिटर सॅच्युरेशन वाढवतो. तोच व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या अमोलेड फोनवर उघडला की फळं भडक आणि चेहरे लालबुंद.

आणि ही चूक डोळ्यांना कळत नाही! ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात बसा किंवा पिवळ्या बल्बखाली, थोड्याच वेळात नजर त्या उजेडाला सरावते आणि कागद पांढराच दिसू लागतो. म्हणून रंग मोजावाच लागतो. कलरिमीटर नावाचं छोटं यंत्र मॉनिटरच्या काचेला टेकवलं की सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवतं आणि यंत्र प्रत्यक्ष प्रकाश मोजतं. गाठायचं काय, तेही ठरलेलं आहे. व्हिडिओसाठी रेक ७०९ हे मानक, पांढरा डी६५ म्हणजे सुमारे ६५०० केल्विनचा, अंधाऱ्या खोलीत स्क्रीनचा उजेड १०० निट्सच्या आसपास आणि गॅमा २.४, उजेड असलेल्या खोलीत गॅमा २.२ चालतो. मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास सुरू ठेवायचा, नाइट लाइट आणि ‘व्हिव्हिड’ मोड बंद करायचा. मोजून तयार झालेलं प्रोफाइल सगळी एडिटिंग सॉफ्टवेअर पाळतातच असं नाही, तेही तपासायला हवं.

महागडी लेन्स घेणारा स्टुडिओ या यंत्रासाठी हात आखडता घेतो, हे मला मुळीच पटत नाही. मोजणी काही रोज करायची नसते, महिन्यातून एकदा पुरते. पांढुर्णा-सौंसरच्या चार स्टुडिओंनी मिळून एकच कलरिमीटर घेतला तरी सगळ्यांचं काम भागेल.